पदकाआधी सॅक : अग्निशमन दलांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्य अग्निशमन सेवेचे संचालक, तसेच महापालिका आणि नगरपालिकांचे मुख्य अग्निशमन अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह आपण पाळतो. शाळकरी मुलांच्या वाट्याला त्या सप्ताहात जे येतं ते साधारण ठरलेलं असतं: चित्रकला, निबंध, केंद्राची भेट, होज (बंबाचा पाण्याचा पाइप) धरून फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र. त्यात वाईट काही नाही. पण ज्या दलाला १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं कायमचं कॅडेट पथक उभं करायचं आहे, त्याला हा साचा पुरणार नाही. आमच्यातले काही जण केंद्रांवर ड्रिल शिकवतात, काही जण सह्याद्रीत मुलांच्या मोहिमा नेतात, काही जण युवा पुरस्कारांचं मूल्यांकन करतात. आमचं मागणं एकच आहे. कॅडेटला पदक मिळावं ते एका दिवसाच्या स्पर्धेसाठी नाही, महिनोन्‌महिने टिकवलेल्या कामासाठी. आणि त्या कामाच्या शेवटी मोठ्यांचा हात न धरता, स्वतःच्या पाठीवर सामान घेऊन केलेली एक मोहीम असावी.

यासाठी नवी योजना शोधत बसायची गरज नाही. ब्रिटनमध्ये अनेक अग्निशमन दलांची कॅडेट पथकं ड्यूक ऑफ एडिंबरो पुरस्काराच्या चौकटीत चालतात. हा पुरस्कार १९५६मध्ये सुरू झाला आणि त्याचे पहिले संचालक होते जॉन हंट, म्हणजे १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. भारतात तीच चौकट ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने उपलब्ध आहे. सेवा, कौशल्य, शारीरिक क्षमता आणि साहसी प्रवास असे तिचे चार भाग, आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या. ब्राँझला पहिल्या तीन भागांना प्रत्येकी तीन महिने, आणि त्यातल्या एका भागाला आणखी तीन. सिल्व्हरला प्रत्येकी सहा महिने, गोल्डला बारा. आधीची पायरी न करता थेट आलेल्यांना एका भागात आणखी सहा. आठवड्याला सरासरी एक तास. गोल्डला याशिवाय अनोळखी मुलांसोबत पाच दिवस आणि चार रात्रींचं निवासी काम. वयाची खालची मर्यादा अनुक्रमे १४, १५ आणि १६. कुणी कुणाला हरवायचं नाही. ज्याने ठरवलेलं पुरं केलं त्याला पुरस्कार, मग पथकातल्या सगळ्यांना मिळाला तरी हरकत नाही.

जर्मनीतल्या युवा अग्निशमन दलांची तऱ्हा वेगळी आहे. तिथे ‘लाइस्टुंग्सश्पांगं’ नावाचा बिल्ला नऊ जणांचा गट मिळून कमावतो. आठ होज पीळ न पडता ७५ सेकंदांत टाकायचे, नऊ जणांच्या गोळाफेकीची बेरीज किमान ५५ मीटर व्हायला हवी, १५०० मीटरची रिले ४ मिनिटं १० सेकंदांत, शिवाय आग विझवण्याचं पूर्ण ड्रिल आणि प्रश्नोत्तरं. बिल्ला एक तर सगळ्या गटाला मिळतो, नाही तर कुणालाच नाही. या दोन चौकटींची सांगड घालता येईल असं आमचं मत आहे: महिन्यांचा हिशोब पहिलीकडून घ्यावा, ड्रिलची गटपरीक्षा दुसरीकडून. नवव्या मुलीचा गोळा चार मीटरवर पडतो तेव्हा उरलेल्या आठांना काय करावं लागतं, हे शिकवायला तासभराच्या व्याख्यानाचा उपयोग नसतो.

वेळापत्रकाकडे आधी लक्ष द्यावं, कारण योजना बहुतेक तिथेच आपटते. दहावी-बारावीची मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती लागत नाहीत. म्हणून भरती नववी आणि अकरावीतून करावी आणि सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात. ब्राँझचे सहा महिने डिसेंबरअखेर भरतात. सराव-मोहीम नोव्हेंबरात, खरी मोहीम जानेवारीत. सुरुवात ऑक्टोबरवर गेली की दिवाळीच्या सुट्टीत तेरा आठवड्यांचे तास दहा दिवसांत ‘भरून काढायची’ टूम निघते. वहीत तास भरतात. नियमितपणा नावाची जी गोष्ट शिकवायची होती, ती राहून जाते. नोंद त्याच दिवशी व्हावी आणि सही त्या विषयाच्या प्रशिक्षकाची असावी. आई-वडील किंवा नातेवाईक यांनी आपल्याच मुलाचं मूल्यांकन करू नये.

सेवेच्या भागात कॅडेटने काय करावं याबद्दल उत्साहाच्या भरात गोंधळ होतो. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. घटनास्थळ, धूर, श्वसनयंत्र, प्रत्यक्ष आग यांपैकी कशाच्याही जवळ कॅडेट जाता कामा नये, ‘फक्त मागे उभा राहील’ या बोलीवरही नाही. त्याचं काम सोसायटीत आणि वस्तीत आहे. जिन्यात सायकली आणि चपलांची कपाटं आहेत का, राइजरच्या (आग विझवायच्या पाण्याच्या उभ्या नळाच्या) दाराला कुलूप घालून किल्ली हरवली आहे का, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का आणि पिन-सील शाबूत आहे का, गॅसच्या सुरक्षा नळीवर छापलेली तारीख उलटून गेली आहे का. वीस घरांमागे एखादी तरी जुनी नळी निघतेच, आणि ती बदलून घेतली की कॅडेटने केलेली सेवा डोळ्यांना दिसते. मात्र हे सर्वेक्षण म्हणजे तपासणी नव्हे, हे कागदावर ठळक लिहा. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेनेच द्यायचं असतं. ‘तुमची पोरं बघून गेली की मागच्या महिन्यात’ असं सोसायटीच्या सचिवाने म्हणण्याची वेळ आणू नका.

कौशल्याला गाठी, वॉकीटॉकीवरचं बोलणं, प्रथमोपचार. क्षमतेला धावणं, पोहणं, जिने चढणं. यात नवीन सांगण्यासारखं काही नाही, हे केंद्रांवर उत्तम शिकवलं जातं. गाठींची परीक्षा तेवढी डोळ्यांवर पट्टी बांधून आणि ओल्या दोरावर घ्यावी. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि चेअर नॉट कोरड्या दोरावर उजेडात सगळ्यांनाच येतात.

आता मोहीम, म्हणजे साहसी प्रवासाचा भाग. उरलेलं पत्र तिच्यावरच आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या चांगल्या हेतूने होतात.

नियम थोडक्यात असे: ब्राँझला दोन दिवस आणि एक रात्र, दिवसाला सरासरी सहा तासांचं नियोजित काम, सिल्व्हरला तीन दिवस, दोन रात्री, सात तास, गोल्डला चार दिवस, तीन रात्री, आठ तास. गटात चार ते सात जण. आधी प्रशिक्षण, मग किमान एक सराव-मोहीम, मग खरी. गट स्वतः चालतो, स्वतः शिजवतो, स्वतः तंबू लावतो. मोठी माणसं जवळपास असतात, गटात नसतात.

अग्निशमन दलाच्या संस्कृतीला हे शेवटचं वाक्य पचायला जड जातं. आगीच्या ठिकाणी हुकूम एकाचाच चालतो, आणि तसंच असायला हवं. तीच सवय मोहिमेत आली की मुलं दोन वाटा फुटल्या तिथे थांबून मागे बघत राहतात, साहेब काय म्हणतात म्हणून. साहेबही न राहवून बोट दाखवतात. तिथेच मोहीम संपली. पुढची राहिली ती सहल. दर अर्ध्या दिवसाला गटप्रमुख बदला, पदाच्या फिती केंद्रावर ठेवून या, आणि सोबत जाणारा अधिकारी नजरेआड राहू शकणारा निवडा. हा गुण सगळ्यांत नसतो. उत्तम ड्रिल घेणारा माणूस यात नापास झालेला आढळतो.

दुसरी हमखास चूक म्हणजे दलाची गाडी. बंब किंवा रेस्क्यू व्हॅन मोहिमेच्या मागे पाठवू नका. एक तर तेवढा वेळ केंद्राचा परिसर उघडा पडतो. दुसरं, गाडी आली की तिच्यात सॅक जातात, दुपारी वडापाव येतो आणि संध्याकाळी गाद्या उतरतात.

सॅकच्या वजनाचा हिशोब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या. वजन शरीराच्या पाव हिश्श्याच्या वर जाऊ नये. ४५ किलोच्या मुलीला ही मर्यादा सव्वाअकरा किलो. रिकामी सॅक १.६ किलो, स्लीपिंग बॅग १.२, मॅट ०.३, तिघांच्या तंबूतला वाटा १.२, कपडे दीड, स्टोव्ह-गॅस-भांड्यांचा वाटा ०.८, खाणं १.२, टॉर्च आणि औषधं ०.४, तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. बेरीज ११.२. अगदी काठावर! म्हणजे तंबू थोडा जड निघाला किंवा कुणी हौसेने पॉवर बँक आणि दुसरी जीन्स घातली की मर्यादा ओलांडलीच. उपाय एकच: दुपारच्या टप्प्यात पाणी मिळेल अशी वाट निवडायची आणि एका वेळी दोनच लिटर वाहायचं. ‘फायरमन व्हायचंय ना, मग उचल की’ असं म्हणून मित्राची सॅकही घेणारा मुलगा दुसऱ्या दिवशी उतारावर गुडघा धरून बसतो. त्याला शाबासकी देऊ नका.

बूट हा वेगळाच विषय आहे. गणवेशाचे काळे बूट आणि गमबूट दोन्ही बाद. नवे कोरे ट्रेकिंग बूटही बाद. निदान तीन आठवडे रोज वापरलेले असावेत. टाच लाल झाली, चुरचुरली, की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी फोडाची कातडी सोलून निघते.

वेळेचा अंदाज विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२च्या नियमाने बांधतात: ताशी पाच किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाला एक तास जास्त. तो धडधाकट प्रौढाचा नियम. ओझं घेतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही ताशी तीन किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं धरतो. वाट १४ किलोमीटरची, चढ ४०० मीटरचा. तर चालायला पाच तास वीस मिनिटं, विश्रांतीला पन्नास, जेवणाला चाळीस. सकाळी सातला निघालं तर दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठता येतो, आणि जानेवारीतल्या साडेसहाच्या अंधारापर्यंत चार तास हातात उरतात. ते चार तास रिकामे दिसतात म्हणून त्यात आणखी एक गड घुसडायचा मोह होतो. तो आवरावा. वाट चुकणं, मुरगळलेला पाय आणि पेटायला रुसलेला स्टोव्ह याच वेळेतून फिटतात.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १ : ५०,००० प्रमाणाचा घ्यावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाच्या आतच फरक असतो, त्यामुळे दुरुस्तीच्या गणिताने मुलांना घाबरवू नका. चुका होतात त्या दुसरीकडे. पावसाळ्यानंतर छातीएवढ्या वाढलेल्या गवतात मुख्य वाट बुजते आणि ढोरवाट मात्र छान मळलेली दिसते. मुलं तिने जातात आणि ती एखाद्या पाणवठ्यावर किंवा कड्याच्या टोकाला संपते. नियम असा घालून द्यावा: दहा मिनिटं चालून नकाशावरची पुढची खूण दिसली नाही, तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत. पुढे सरकत ‘बघू’ म्हणायचं नाही. आणि गावकऱ्याने सांगितलेल्या ‘हे काय, पंधरा मिनिटं’ला तिनाने गुणावं. त्यांचं पाऊलच तसं असतं, ते खोटं बोलत नाहीत.

देखरेखीची पद्धत अशी असावी. दिवसाच्या वाटेवर तीन किंवा चार भेटीच्या जागा ठरवायच्या: खिंड, वाडी, देऊळ, पाणवठा. प्रत्येकीची वेळ गटाने स्वतः बनवलेल्या वाटपत्रकावर लिहिलेली. एक प्रौढ पुढच्या जागेवर, दुसरा गटाच्या अर्धा तास मागे. वेळ उलटून ४५ मिनिटं झाली की मागच्याने चालत पुढे यायचं आणि पुढच्याने जागा सोडायची नाही. दोघंही एकदम शोधायला निघाले तर गट येऊन जातो आणि शोधणारेच हरवतात. गटात मुली असतील तर त्या दोघांत एक स्त्री हवीच. मोबाइल गटाकडे असू द्या, बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत. पण योजना त्याच्या भरवशावर आखू नका. घाटाच्या पोटात रेंज मिळेलच असं नाही. मूल्यांकन करणारा माणूस तिसराच असावा, दुसऱ्या केंद्राचा.

जागेबद्दल. ब्राँझला लोणावळ्याहून राजमाची पुरेशी आहे. पहिल्या दिवशी पंधरा-सोळा किलोमीटरची फारशी चढ-उतार नसलेली चाल, उधेवाडीच्या परिसरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन किंवा मनरंजनपैकी एक बालेकिल्ला पाहून कोंदिवड्याकडे उतरायचं. त्या उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते, म्हणून तो थकलेल्या संध्याकाळी नको, सकाळी हवा. राजगड-तोरणा धार गोल्डसाठी राखून ठेवा. बुधला माचीकडून संजीवनी माचीकडे जाणाऱ्या त्या वाटेवर पाण्याची खात्री देता येत नाही, आणि धारेवर सावली नसते. अनेक संरक्षित गडांवर मुक्कामाला मनाई आहे, आणि तसंही मुलांचा तळ पायथ्याच्या वाडीजवळ बरा. भात काढून मोकळं झालेलं खाचर सपाट असतं म्हणून आवडतं, पण बांधाजवळ उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतात. तंबू खाचराच्या मध्यावर लावा. जमीनमालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी, वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्र, पोलीस ठाण्यात नावांची यादी, पालकांची लेखी संमती आणि अपघात विमा, हे सारं महिनाभर आधी. राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली आयोजकाची नोंदणी लागते का, तेही तेव्हाच विचारून घ्यावं. आपण सरकारी खातं आहोत म्हणून सूट गृहीत धरू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात नाही. मार्चनंतर नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या दुपारी वीज कोसळते आणि गट नेमका धारेवर असतो, म्हणून तेव्हाही नाही. सप्ताह एप्रिलमध्ये येतो म्हणून मोहीमही त्याला जोडून घ्यावी, ही कल्पना कुणी मांडली तर कृपया मोडून काढा.

शिजवण्याचा भाग अग्निशमन कॅडेटला इतरांपेक्षा चोख यायला हवा. सात जणांना रात्रीची खिचडी: अर्धा किलो तांदूळ, पाव किलो मूगडाळ, तेल शंभर मिलिलिटर, पाणी सुमारे तीन लिटर. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले की गॅस बराच वाचतो. सकाळी पोहे, माणशी ऐंशी ग्रॅम. दुपारी न शिजवता खायचं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिक्की. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते आणि मोहिमेत पोट बिघडलेला एक मुलगा म्हणजे थांबलेला गट. जलसंजीवनीचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतण्याची चूक इतकी सरसकट होते की पाकिटांवर आधीच मार्करने ‘१ लिटर’ लिहून द्यावं. टाक्यातलं पाणी आधी कापडाने गाळायचं, मग क्लोरीनची गोळी, मग घड्याळ लावून अर्धा तास. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही.

स्टोव्ह छोट्या गॅस डब्यावरचा घ्या. वाऱ्याला आडोसा करताना तो डब्याभोवती पूर्ण गोल गुंडाळला की डबा तापतो आणि फुटू शकतो. आडोसा एकाच बाजूला हवा. डबा बदलायचा तो ज्योत, टॉर्चव्यतिरिक्त कुठलाही दिवा आणि दुसरा पेटता स्टोव्ह यांपासून दूर. तंबूत स्टोव्ह कधीच नाही, थंडीतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तंबूचं कापड पेटायला फार वेळ घेत नाही. स्वयंपाकाच्या जागेभोवती दोन मीटरपर्यंत गवत काढून माती उघडी करायची, जवळ भिजवलेलं गोणपाट आणि दोन लिटर पाणी ठेवायचं, तंबू वाऱ्याच्या वरच्या बाजूला.

शेकोटी नको. अजिबात नको. राखीव वनात विनापरवाना आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६खाली गुन्हा आहे, पण त्याहून साधं कारण म्हणजे डिसेंबरपासून सह्याद्रीतलं गवत आणि कारवी काडीला वाट पाहायला लावत नाही. शिवाय धुराने कड्यावरचं आग्यामोहोळ उठतं. मोहोळ उठलंच तर सॅक टाकून, तोंड झाकून, झाडीत पळायचं. हात झटकायचे नाहीत. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर काटे नखाने खरवडून लगेच काढायचे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर एकच डंख असला तरी १०८. सर्पदंशाला आवळपट्टी नाही, चिरा नाही. पाय हलू न देता झोळीतून खाली आणायचं. झोळी दोन काठ्या आणि दोराची, तीच जी ते केंद्रावर शिकलेत. सर्वांत जवळच्या कुठल्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, दंश झाल्यावर नव्हे.

वणवा दिसला तर कॅडेटने विझवायला जायचं नाही. गणवेशातली मुलं इथेच फसतात; आपण अग्निशमनवाले, मग पळायचं कसं? त्यांना कारणासहित शिकवा. आग चढावर धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वर आणि नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, कधी थांबायचं नाही. नाळ चिमणीसारखी ओढ घेते. बाजूला सरकायचं, उघड्या कातळावर किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात जायचं, आणि वेळ व जागा वन विभागाला कळवायची.

मोहिमेला हेतू लागतो, तो नियमातच आहे. ‘गडाचा इतिहास’ हा हेतू सगळेच घेतात आणि सगळे गट तीच माहिती उतरवून आणतात. अग्निशमन कॅडेटला याहून चांगलं काम आहे. पायथ्याच्या वाडीपर्यंत बंब पोचेल का? रस्ता सर्वांत अरुंद कुठे आणि किती मीटर? पुलाशी वळण मिळतं का? वाडीजवळचं तळं किंवा बंधारा जानेवारीत किती भरलेला आहे, आणि गाडी उभी राहू शकेल त्या जागेपासून पाण्याची पातळी किती खाली? पंप खालून पाणी ओढतो ते प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच, घाटमाथ्यावर त्याहून थोडं कमी. म्हणजे पाणी नऊ मीटर खाली असलेली विहीर वाडीला आधार वाटली तरी बंबाला तिचा उपयोग नाही. वन विभागाच्या जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे) कुठून जातात आणि त्या खरंच साफ आहेत का? सात मुलं दोन दिवसांत एवढं नक्कीच मोजू शकतात: टेप, दोराला बांधलेला दगड आणि नकाशा. परतल्यावर सादरीकरण केंद्राच्या सभागृहात न करता त्याच गावच्या ग्रामपंचायतीत करावं, आणि नकाशाची एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्राच्या नियंत्रण कक्षात लावावी.

सुरुवात लहान करा. एका केंद्रावर चौदा मुलं, म्हणजे सातचे दोन गट, निम्म्या मुली. दोन प्रशिक्षक, ज्यांची ड्यूटी त्या तासाला लावूनच दिलेली असेल. ड्यूटी संपल्यावर थकून येणाऱ्याच्या भरवशावर पथक तीन महिने चालतं, चौथ्या महिन्यात बसतं. तंबू, स्टोव्ह, सॅक दलाने घ्यावेत आणि भांडार नोंदवहीत चढवावेत, म्हणजे ज्याच्या घरी दहा हजारांचं सामान नाही तोही येईल. परत आलेले तंबू त्याच दिवशी वाळवून ठेवायला सांगा. ओला तंबू पुढच्या वर्षी बुरशी खाऊन निघतो आणि मग नव्या खरेदीचा प्रस्ताव लेखा विभागात अडकतो.

या हिशोबाने जुलैत सुरू झालेल्या मुलांचं ब्राँझ जानेवारीअखेर पूर्ण होतं, सादरीकरण फेब्रुवारीत उरकतं, आणि पुरस्कार द्यायला १४ एप्रिल सोयीचाच पडतो. फक्त त्या दिवशी कार्यक्रम सकाळी आठच्या आत संपवा. मानवंदना झाली की मुलांना सावलीत बसवा. पाहुण्यांची गाडी उशिरा येणार असेल, तर पदकं केंद्रप्रमुखाच्या हातून दिली तरी चालतील.

आपले नम्र,
अग्निशमन प्रशिक्षण, गिर्यारोहण आणि युवा पुरस्कार मूल्यांकन या क्षेत्रांतले काही कार्यकर्ते